तिसऱ्या बीमवरचा गिलावा

११ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फेकलं नसशील, असं धरून चालते. फेकलं असशील तर आमचं काम पंधरा दिवस लांबेल, बाकी काही नाही. हे पत्र कामाचं आहे.

हौदाच्या इमारतीची चावी आता माझ्याकडे आहे. नगरपालिका इमारत पाडायला निघाली होती. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. निवृत्त पोस्टमनकाकांनी तर इतके अर्ज टाकले, की पालिकेतल्या कारकुनाने शेवटी त्यांच्यासाठी एक खुर्चीच बाजूला काढून ठेवली. परवा इमारत रहिवासी समितीच्या हाती आली. आता तिथे सगळ्या वस्तीचं केंद्र होणार. मोठ्या हौदात पुन्हा पाणी भरून पोरांना पोहायला शिकवायचं. घरी न्हाणीघर नसलेले लोक ज्या खोल्यांत गरम पाण्याच्या आंघोळीला यायचे, तिथे वाचनालय, शिवणवर्ग आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा. बांधकामाची सगळी जबाबदारी माझ्यावर. बाकीचे ठेकेदार आधी इमारत बघायचे आणि मग घड्याळ बघायचे. मी बाह्या सरसावल्या.

हौदाच्या दालनाला बाबांचं नाव द्यायचं, असं मी सुचवलं आणि एकमुखाने मंजूर झालं. तीस वर्षं त्यांनी तो हौद सांभाळला. पाण्याला नुसता हात लावून किती गरम आहे ते सांगायचे. तेवढा मान त्यांना मिळायलाच हवा.

तर काम असं. आमच्या इंजिनिअरबाईंना छताचा जुना अहवाल हवा आहे. पालिकेची प्रत कुठे गडप झाली, देव जाणे. अहवाल तुझाच आहे. तू तेव्हा पालिकेत नवा इंजिनिअर होतास, आणि पहिली मोठी सही केलीस ती बाबांचा हौद बंद करायच्या कागदावर. असो. एकोणीस वर्षं झाली त्याला. बाबा गेले तेव्हा तू दारापर्यंत आलास आणि मी 'आत ये' म्हटलं नाही, त्यालाही तेरा वर्षं झाली. ते उगाळायला मी बसलेली नाही.

तू कागद जपणारा माणूस. प्रत असेलच. पाठव.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

अहवाल पोचला. सोबत चिठ्ठी नव्हती. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घालून, कोपरे दुमडू नयेत म्हणून दोरा बांधून पाठवलास. शाळेच्या वह्यांनाही असाच बांधायचास.

काम जोरात आहे. माझी चार माणसं आणि वस्तीतली जमतील तेवढी. हिरव्या टाइल्स एकेक काढून, धुऊन, मागे खडूने नंबर टाकून रचल्या आहेत. पोस्टमनकाका नंबर टाकतात आणि कोणी रांग मोडली तर पत्ता चुकल्यासारखे ओरडतात. शिंपीणबाई रोज दुपारी दुकान बंद करून येतात. काल त्या कोरड्या हौदाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "इथे माझ्या डोक्यावरून पाणी होतं बरं का. तुझ्या बाबांनी काठावरून काठी धरली होती, म्हणाले, सोड म्हणजे तरंगशील. मी सोडेना. शेवटी त्यांनीच काठी सोडली!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. बाबांच्या अशा गोष्टी इथे प्रत्येकाजवळ आहेत.

तुझी गोष्टही निघते. लपवत नाही. "हौद बुडवणारा" म्हणतात तुला. मी मध्ये पडत नाही.

इंजिनिअरबाई तरुण आहेत, हुशार आहेत आणि फार प्रश्न विचारतात. तुझा अहवाल त्यांनी तीनदा वाचला. पान सातवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "इथे लिहिलंय, 'तिसरा बीम. गिलावा अलीकडचा. कोणी व का केला, कळत नाही. आतल्या सळ्या उघडून पाहिल्याशिवाय हौद वापरू नये.' हा गिलावा कोणी केला असेल, ताई?"

"एकोणीस वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय," मी म्हटलं.

त्यांना तो बीम उघडायचा आहे. मी म्हटलं, दुसरा आणि चौथा उघडा, त्यांना भेगा आहेत. तिसऱ्यावर केसाएवढीही भेग नाही, चांगलं काम कशाला फोडायचं? तर म्हणतात, चांगला दिसतो म्हणूनच उघडायचा. पुढच्या आठवड्यात यंत्र घेऊन येणार आहेत. असल्या हट्टाने काम लांबतं. एक जूनला उद्घाटन ठरलंय आणि मी दिलेली तारीख कधी चुकवलेली नाही.

भाची आता कॉलेजात असेल ना? पोस्टमनकाका विचारत होते.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

इंजिनिअरबाई यायच्या आदल्या दिवशी, माणसं जेवायला गेल्यावर मी एकटी परांचीवर चढले. छिन्नी-हातोडा घेऊन. तिसरा बीम मला आधी बघायचा होता.

चौथ्या घावाला गिलाव्याची पाटी सुटली आणि तिच्यामागून काँक्रीटचं ढेकूळ निखळलं, चांगलं डोक्याएवढं. मी बाजूला होते म्हणून वाचले. ते खाली कोरड्या हौदात पडलं आणि सगळं दालन दणाणलं. आतल्या सळ्या पाहिल्या. सळ्या कसल्या, पापुद्रे. बोटाने सोलून निघत होते. ढेकूळ पडलं ती जागा तुला माहीत आहे. उथळ बाजू. नवी पोरं काठाला धरून पाय मारायची ती.

आता जे लिहिते ते आधी लिहायला हवं होतं.

तो गिलावा माझा आहे.

त्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, बाबांनी मला हौदावर बोलावलं. रविवारी दुपारी हौद बंद असायचा. म्हणाले, "वरवरची भेग आहे, तू जरा हात मार. आठ दिवसांनी तपासणी आहे, आणि तपासायला आपला धाकटाच येतोय, म्हणजे काळजी नाही. पण दिसायला नीट असावं." मी तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या मामांच्या हाताखालून सुटून नुकतीच स्वतःची कामं घ्यायला लागले होते. बाबांनी मला, मुलांपैकी मला, कामासाठी बोलावलं याचाच केवढा आनंद! थापी-रंधा घेऊन धावत गेले.

वर चढून भेगेत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर गंजाने तांबडं.

मी खाली उतरून म्हटलं, "बाबा, हे वरवरचं नाही."

ते काठावर बसले होते. पाय पाण्यात सोडून. पायाने पाणी हलवलं. मग म्हणाले, "निवृत्तीला वर्ष राहिलंय. एवढं वर्ष काढू दे मला. एकदा बंद केला की हे लोक पुन्हा उघडणार नाहीत, लिहून घे."

आणि ते खरं झालं की नाही? एकोणीस वर्षं कोणी उघडला नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. बाबा बरोबर होते, हौद बंद झाला तो झालाच. पण त्या दिवशी मी वर चढून काय केलं, ते स्वतःलाही सांगितलं नाही. मी भेग भरली. त्यावर दोन हात गिलावा घेतला. जुना दिसावा म्हणून वर चहाचं पाणी फिरवलं. इतकं सुंदर काम मी पुन्हा क्वचितच केलं असेल.

आठ दिवसांनी तू आलास आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी हौदाला कुलूप लागलं. बाबांना कचेरीत टपालाच्या नोंदी करायला बसवलं. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी, मी काय केलं? सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "नाकाने कांदे सोलणारा घरभेदी." शब्द अन् शब्द आठवतोय. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि बॅग भरायला आत गेलास. मला वाटलं, शरमेने खाली मान घातली.

इंजिनिअरबाईंना मी सांगितलं की गिलावा ठोकताना सुटला. त्या सळ्या बघून म्हणाल्या, "ज्यांनी हा अहवाल लिहिला, त्यांनी किती जीव वाचवले असतील, काही हिशोब आहे?" मी घमेलं उचलून ढिगारा भरायला लागले.

बाबांच्या नावाचं काहीतरी कारण काढून थांबवीन. बाकी कोणाला कळायची गरज नाही. तुला कळायला हवं होतं, ते कळवलं.

ताई


९ मार्च

धाकट्या,

एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर आलं आणि त्यात ओळी चार! "ताई, गिलाव्याच्या काठाला अंगठा फिरवून गोलाई द्यायची सवय तुझी एकटीची. परांचीवर चढलो तेव्हाच ओळखलं होतं. अहवालात 'कळत नाही' लिहिलं ते त्यासाठीच. आता कोणाला सांगू नकोस, बाबा नाहीत, काय उपयोग?"

आधी मी इतकी चिडले, की तुझे भावोजी ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन जेवले. तुला माहीत होतं! मी तुला घरभेदी म्हणत होते तेव्हा माहीत होतं! एक शब्द बोलला असतास तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. बाबांचंही. तू नुसता बघत राहिलास. आणि मी समजले शरम.

चार दिवसांनी राग उतरल्यावर उरलं ते वेगळंच. तू बोलला असतास तर बाबा निवृत्तीच्या तोंडावर बडतर्फ झाले असते आणि मला पुन्हा कोणी भिंतीला हात लावू दिला नसता. आज मी ठेकेदार आहे, चार घरं माझ्या कामावर चालतात, ती तुझ्या त्या "कळत नाही"वर. आणि वस्तीत अजून "हौद बुडवणारा" कोण, तर तू. कोणाला सांगू नकोस म्हणतोस. लहानपणापासून मी तुझं कधी ऐकलंय का?

रविवारी समितीची सभा होती. आंघोळीच्या खोल्यांतल्या भिंती पाडून मोठी जागा केली आहे, तिथेच खुर्च्या मांडल्या. विषय होता दालनाच्या पाटीचा. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाबांचं नाव देऊ नका. का ते सांगते." आणि सगळं सांगितलं. बोट किती आत गेलं इथपासून चहाच्या पाण्यापर्यंत. बाबा काठावर बसून काय म्हणाले तेही. त्यांना खलनायक करायचं नव्हतं, आणि पाठीशीही घालायचं नव्हतं.

 मग शिंपीणबाई उठल्या.

"माझी मुलगी त्याच उन्हाळ्यात शिकायला येत होती," त्या म्हणाल्या. "बाबांचा डबा घेऊन यायचीस तेव्हा तू तिला बघायचीस. तिच्या डोक्यावर पोहायची टोपी घालून द्यायचीस."

"हो."

"गिलावा केल्यावर कुलूप लागेपर्यंत किती दिवस गेले?"

"अकरा."

"ती रोज गेली होती, अकराही दिवस," त्या म्हणाल्या, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

त्यानंतर बरंच झालं. एकजण म्हणाला, हिला कामावरून काढा. दुसरा म्हणाला, इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाला शिव्या देत होतो की! पोस्टमनकाकांना एवढं लागलं की ते नुसते चष्मा पुसत बसले. मी चावी टेबलावर ठेवली. म्हटलं, काढायचं तर काढा, मी अडवणार नाही. पण ठेवणार असाल तर ऐका. हे काम माझ्याइतकं चांगलं कोणी करणार नाही, कारण या इमारतीत काय झाकलंय ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

तुला हसू येईल. गुन्हा कबूल करतानाही ताईची मान ताठच.

शेवटी इंजिनिअरबाईंनी तोड काढली. यापुढे त्यांनी आत बघून सही केल्याशिवाय एक वीतही गिलावा चढवायचा नाही. मी म्हटलं, वीत नाही, बोटभरही नाही. सात हात माझ्या बाजूने वर झाले, चार विरुद्ध. चावी मी परत उचलली.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

तुझी सहाच्या सहा पत्रं मिळाली. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. टेकू किती अंतरावर ते आम्हाला कळतं. इंजिनिअरबाई मात्र तुझी पत्रं फाइलला लावतात आणि मला म्हणतात, "बघा, भाऊंनीही हेच लिहिलंय." दोघांनी मिळून माझा पिच्छा पुरवलाय.

तिसरा बीम पूर्ण सोलला, चांगल्या काँक्रीटपर्यंत. गंजलेल्या सळ्या कापून नव्या जोडल्या, भोवती जाळी बांधली. बाईंनी प्रत्येक गाठ हाताने ओढून बघितली, सही केली, मग आम्ही काँक्रीट ओतलं. पहाटे पाचला सुरू केलं ते दुपारी एकला संपलं. माझ्या एका माणसाने हळूच विचारलं, "ताई, आता गिलाव्याने मस्त गुळगुळीत करू?" मी म्हटलं, मुळीच नाही. साच्याच्या फळ्यांचे ठसे दिसू देत. काही झालं तर पहिल्या दिवशी दिसायला हवं.

शिंपीणबाई पाच आठवडे आल्या नाहीत. त्यांच्या दुकानावरून जायचे तेव्हा त्या मशीनवरून मान वर करायच्या नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही. काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काल अचानक आल्या, हातात मापाची टेप. म्हणाल्या, "वाचनालयाच्या खिडक्यांना पडदे लागतील. मापं घेते. तू टेपचं टोक धर." मी धरलं. चौदा खिडक्या आहेत. चौदाव्या खिडकीशी म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही."

"जाऊ देऊच नका," मी म्हटलं.

"पण सगळ्यांसमोर बोललीस, ते बरं केलंस. टोक नीट धर, ढिलं सोडतेस."

मे महिन्यात बीमवर भार ठेवून चाचणी आहे. बाईंची इच्छा आहे तू यावंस. माझीही आहे. लिहायला एवढा वेळ लागला, कारण हे वाक्य मी तीनदा खोडलं.

ताई


९ जून

धाकट्या,

चाचणीला तू आलास, दीड दिवस राहिलास आणि आपण दोघं सळ्या, भार आणि चहा याखेरीज कशावर बोललो नाही. तू तासभर परांचीवर होतास. हातोडीने बीमची लांबी टकटक करत गेलास आणि परत आलास. मी खाली उभी राहून ऐकत होते. सगळा आवाज भरीव. खाली उतरून "ठीक आहे" म्हणालास. पोस्टमनकाका पुढे झाले, तुझा हात धरून म्हणाले, "आम्ही फार बोललो रे तुला." तू म्हणालास, "काका, माझी पत्रं मात्र वेळेवर पोचवायचात." तेवढ्यावर सगळे हसले आणि जागा मोकळी झाली. मला जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलं. बसस्टँडवर जीभ टाळ्याला चिकटली. माझी! लिहून देते आहे.

मी भेग झाकली आणि दोष तुझ्यावर जाऊ दिला. तुला घरातून घालवणाऱ्यांत मी पहिली होते, आणि बाबा गेले त्या दिवशीही मी तुला बाहेर ठेवलं. चूक माझी होती, बाबांचीही होती म्हणून मी तिच्यातून सुटत नाही. मला माफ कर असं म्हणत नाही, कारण तू लगेच "जाऊ दे ताई" लिहिशील. वेळ घे. मी आहे.

आता उद्घाटनाचं. एक जूनची तारीख चुकली नाही. दालनाला नाव कोणाचंच नाही. आत शिरताना उजव्या हाताला साधी पाटी आहे. इमारत कधी बांधली, छत धोक्याचं होतं म्हणून कधी बंद केली, अहवाल खरा होता, आणि लोकांनी ती कधी दुरुस्त केली. तुझं नाव नको म्हणालास म्हणून घातलं नाही. पण पोस्टमनकाका येणाऱ्या प्रत्येकाला पाटीपुढे उभं करून तुझं नाव तोंडी सांगतात. त्यांना कोण अडवणार?

वाचनालय पहिल्याच दिवशी भरलं. म्हाताऱ्यांनी खिडकीजवळच्या खुर्च्यांवरून भांडण काढलं, म्हणजे केंद्र रीतसर सुरू झालं. शिवणवर्गात बावीस नावं आली. पालिकेचे साहेब भाषणात म्हणाले की हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. कारकून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला.

आणि कालपासून पोहायचा वर्ग. एकतीस पोरं. मी सज्ज्यात उभी होते. शिक्षिकेने शिट्टी वाजवली आणि पोरं उथळ बाजूला उतरली, काठाला धरून पाय मारायला लागली, काय तो गोंधळ, काय ते पाणी! मी कठड्याला धरून बीमकडे बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. किती वेळ ते कळलं नाही. शेजारी शिंपीणबाई येऊन उभ्या राहिलेल्याही कळल्या नाहीत.

"वर काय बघत बसलीस?" त्या म्हणाल्या आणि माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड खाली वळवलं. "खाली बघ. पोरं पोहतायत."

जुलैत सुट्टी काढून भाचीला घेऊन ये. तूही वरच बघत उभा राहशील, मला माहीत आहे. मी तुझ्या शेजारीच उभी असेन.

तुझी ताई